परवानगी आणि मालकी : एका परिभाषेची चिकित्सा

कुरुंदवाड संस्थानाची १८५४ मध्ये थोरली व धाकटी अशा दोन पात्यांत वाटणी झाली. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ही नावे टिकली. 'पाती' या शब्दाने हिस्सा सांगितला जातो, मुभा नव्हे; थोरल्या पातीने धाकटीस 'परवानगी' दिली, असे त्या वाटणीविषयी कोणी म्हणणार नाही. संगणकाच्या मराठी परिभाषेत मात्र हाच भेद पुसट झाला आहे.

युनिक्स परंपरेत प्रत्येक फाइलीस मालक व गट असतो. मालक, गट आणि इतर यांची वाचण्याची, लिहिण्याची व चालविण्याची मुभा वेगवेगळी नोंदलेली असते. ही मुभा बदलण्याचा हक्क मालकास किंवा 'रूट' या सर्वाधिकारी खात्यास. मालक बदलणे मात्र साधारणतः रूटच्याच हाती. सॉफ्टवेअर बसविताना चालणाऱ्या स्क्रिप्टा बहुधा रूटच्या अधिकाराने चालतात, म्हणून त्या दोन्हींत ढवळाढवळ करू शकतात. रूटचा युमास्क ०७७ असेल तर स्क्रिप्टने निर्मिलेली फाइल इतरांस वाचता येत नाही. हा दोष खरोखरच परवानगीचा. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएम ५.७.० ही आवृत्ती सूडोद्वारे चालविली असता प्रणालीच्या निर्देशिका साध्या वापरकर्त्याच्या नावे होऊ लागल्या. ५.७.१ मध्ये ते सुधारले. तो दोष मालकीचा होता.

दोहोंस 'परवानगीची अडचण' म्हटल्याने उपायही चुकतो. 'परवानगी नाकारली' एवढेच वाचणारा विद्यार्थी फाइलीस ७७७ देऊन मोकळा होतो: दार सर्वांस उघडे, आणि चुकीचा मालक जागच्या जागी! इंग्रजीचीही येथे फारशी बढाई नको. फाइल उघडता न आल्यास 'पर्मिशन डिनाइड' आणि मालक नसताना मुभा बदलू गेल्यास 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' असे दोन निरोप तिच्यात आहेत खरे. पण मालकीचा उच्चार दुसऱ्यातही नाही. 'परवानगी नाही' या एकाच अनुवादाने तो अर्धा भेदही बुडतो.

सोपेपणासाठी एकच शब्द हवा, हा युक्तिवाद टिकत नाही. शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यास सातबाऱ्यावरचे नाव आणि बांधावरून जाण्याची वहिवाट यांतील अंतर शिकवावे लागत नाही. मालक बदलण्याच्या क्रियेस महसुली भाषेतील 'फेरफार' हा शब्द सहज लागू पडतो, आणि त्यात नोंदीची अपेक्षाही येते. डेबियनमध्ये 'डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड' ही तशी वही आहे: व्यवस्थापकाने ठरविलेले मालक व मुभा तीत राहतात, आणि संचातील फाइली पुन्हा बसविताना त्या पाळल्या जातात. मात्र पोस्टइन्स्ट स्क्रिप्टने स्वतः मालक बदलण्यापूर्वी ही वही पाहावी लागते. न पाहणाऱ्या स्क्रिप्टेस वहीचा अडसर होत नाही.