क्रमानें ऐकलेलें गीतरामायण

गीतरामायण सर्वांनीं ऐकलेलें आहे आणि तें फारच थोड्यांनीं ऐकलेलें आहे, हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. रामजन्माचा आनंद, कौसल्येनें गाइलेलें रामाचें बालपण, भरताचें सांत्वन, सेतुबंधन, अशीं दहाबारा गीतें मराठी माणसाच्या कानांत इतकीं मुरलेलीं आहेत कीं, तीं आपण केव्हां शिकलों हें कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. परंतु छप्पन्न गीतें, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, एकहि न गाळतां, कवीनें लाविलेल्या क्रमानें ऐकलेला मनुष्य मला तरी क्वचितच भेटला आहे. गेल्या श्रावणांत, रत्नागिरीच्या पावसानें घराबाहेर पडणें अशक्य केलें असतां, तीन रात्री बसून सुधीर फडके यांच्या आवाजांतील सबंध संच मीं प्रथमच ओळीनें ऐकला. त्या पहिल्या श्रवणाचे मनावर जे ठसे उमटले ते ताजे आहेत तोंच वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

क्रमाचा हा आग्रह मला आमच्या कीर्तनपरंपरेनें शिकविला असें म्हणावयास आवडलें असतें. पण तो शिकविला इंग्रजी तबकड्यांनीं. १९९० च्या सुमारास वसतिगृहांत राहणाऱ्या आम्हां मुलांना ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नांवाच्या संगीताचें विलक्षण वेड होतें. या पंथाचा विशेष असा कीं, त्यांत तबकडी म्हणजे सुट्या गाण्यांची पिशवी नव्हे. सारीं गीतें मिळून एक कल्पना, कधीं एक कथा, मांडावयाची. त्यास ते लोक ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. आपण ‘गीतबंध’ म्हणावें. जेथ्रो टल या मंडळीनें १९७२ सालीं तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच अखंड रचना केली. पुढच्याच वर्षीं पिंक फ्लॉइडनें ‘द डार्क साइड ऑफ द मून’ काढली. काळ, पैसा, मृत्यु आणि बुद्धिभ्रंश हे तिचे विषय. आरंभीं आणि अखेरीस हृदयाचे ठोके. आणि पैशावरील गीत चक्क सात मात्रांचें, आमच्या रूपकाच्या चुलत घराण्यांतलें! त्याच मंडळींच्या १९७९ च्या ‘द वॉल’मध्यें तर शेवटच्या गीताच्या अंतीं एक वाक्य अर्धवट तुटतें आणि त्याचा उरलेला भाग पहिल्या गीताच्या आरंभीं अगदीं पुसट ऐकूं येतो. ज्यानें तबकडी मधूनच लाविली त्यास ही खुबी कळावयाची नाहीं. अशा रचना ऐकून ज्याचे कान तयार झाले, त्यानें आपल्या घरच्या गीतबंधाकडे मात्र सुट्या गाण्यांचा ढीग म्हणून पाहावें, हें मला बरें वाटेना.

आणि हा घरचा गीतबंध वयानें वडील आहे. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर सीताकांत लाड यांनीं ही कल्पना उचलून धरली, ग. दि. माडगूळकरांनीं शब्द लिहिले, फडक्यांनीं चाली बांधल्या, आणि १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पहिलें गीत प्रक्षेपित झालें. आठवड्यास एक गीत असा नेम. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें बावन्नाचीं छप्पन्न झालीं आणि १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीस, मालिका संपली. गंमत अशी कीं, पाश्चात्य टीकाकार ज्या तबकडीस या प्रकारांतील आद्य तबकड्यांत गणतात, ती फ्रँक सिनात्राची ‘इन द वी स्मॉल अवर्स’ त्याच १९५५ च्या एप्रिलांत बाजारांत आली. तिकडे एका माणसाच्या रात्रीच्या एकटेपणाचीं गाणीं, इकडे सात कांडांचें महाकाव्य. दोघांना परस्परांची वार्ताहि नव्हती.

सलग ऐकतांना पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, हें काव्य रामाची कथा सांगत नाहीं. रामकथेंतील माणसें येथें स्वतः बोलतात. बहुतेक प्रत्येक गीत एका पात्राच्या मुखीं आणि एका विवक्षित क्षणीं घातलेलें आहे. निपुत्रिक कौसल्या, यज्ञांतून प्रकटलेला अग्नि, शापमुक्त अहल्या, वचन मागणारी कैकेयी, रिकामा रथ घेऊन परतलेला सुमंत, मरणोन्मुख दशरथ, अपमानित शूर्पणखा, जटायु, शबरी: ज्याच्या त्याच्या वेदनेस अगर आनंदास एकेक गीत. इंग्रजी काव्याच्या अभ्यासकास येथें ब्राउनिंगची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. ‘द रिंग अँड द बुक’मध्यें त्यानें एकच खुनाची हकीकत निरनिराळ्या तोंडांतून वदविली आहे. फरक इतकाच कीं, ब्राउनिंगचीं पात्रें एकमेकांस खोटें पाडतात, माडगूळकरांचीं पात्रें कथेचा धागा एकमेकांच्या हातीं देतात. तथापि हा धागा नेहमींच इतका सरळ नाहीं, आणि तो कोठें वांकडा होतो हें क्रमानें ऐकल्यावरच कळतें.

उदाहरणार्थ भरताच्या सांत्वनाचें गीत घ्या. यमनकल्याणांतील ही रचना आज स्वतंत्र सुभाषितासारखी वावरते. शोकसभेंत ती लावतात. मनुष्य परतंत्र आहे, दोष कोणाचाच नाहीं, एवढा उपदेश घेऊन लोक घरीं जातात. परंतु मालिकेंत तिच्या अलीकडे काय आहे? आईस वैरीण म्हणणारा भरत आहे, आणि सैन्य येतांना पाहून धनुष्य उचला म्हणणारा लक्ष्मण आहे. दोघांचेहि संताप नुकतेच आपल्या कानांवरून गेलेले असतात. त्या दोन आगींच्या मध्यें बसून राम शांतपणें बोलत आहे, हें कळलें म्हणजे त्या संथ लयीचा अर्थ पालटतो. ती वैराग्याची लय नव्हे, घर पेटूं नये म्हणून धरलेला धीर आहे. आणि तिच्या पलीकडे काय आहे? भरताचें उत्तर. एवढें तत्त्वज्ञान ऐकूनहि त्याचें समाधान झालेलें नाहीं. तो आपल्या पोरकेपणाविषयीं बोलतो आणि पादुका मागतो! सुटें ऐकलें असतां जें गीत शेवटचा शब्द वाटतें, तें क्रमांत ऐकलें असतां एका संवादाचा अर्धाच भाग ठरतें. रामाचा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तरीहि धाकट्या भावास हातांत धरावयास कांहींतरी हवें आहे. माझ्या मतें सबंध मालिकेंत यापेक्षां अधिक नाट्यमय जोड दुसरी नाहीं.

सर्वच ठिकाणीं ही सरसता टिकते असें मात्र नाहीं. सुग्रीवाच्या भेटीनंतर कथा जसजशी लंकेकडे सरकते, तसतसें व्यक्तींचें बोलणें कमी होतें आणि समूहाचा घोष वाढतो. सेतूचें गीत उत्साहानें ओथंबलेलें आहे, पण युद्धाचीं वर्णनें शब्दांच्या कडकडाटावर भिस्त ठेवून चालतात आणि ओळीनें ऐकणाऱ्यास थकवितात. दुसरा दोष रचनेंतच आहे. प्रत्येक गीतास एक ध्रुवपद आणि पुष्कळ कडवीं; चाल बहुधा तीच. आठवड्यास एक गीत ऐकणाऱ्या श्रोत्याला ही पुनरावृत्ति सुखाची होती, कारण सात दिवस त्यास तेवढ्यावरच काढावयाचे होते. एका रात्रींत अठराएकोणीस गीतें ऐकणारा मी हें औषध ठरविलेल्या मात्रेपेक्षां अधिक घेत होतों, हें कबूल केलें पाहिजे. पण पाश्चात्य रचनाकार येथें एक युक्ति करतात: गीतामागून गीत आलें कीं मधला सांधा वाद्यांनीं भरून काढतात, श्रोत्यास एका मनःस्थितींतून दुसरींत चालत नेतात. आपल्याकडे ही चाल निवेदकाच्या गद्यावर सोपविली जाते, आणि निवेदक बहुधा फार बोलतो.

आवाजांचाहि प्रश्न आहे. नभोवाणीवर प्रथम हीं गीतें अनेकांनीं गाइलीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर अशीं नांवें त्यांत आहेत. पुढें तबकड्यांच्या संचांत सर्व पात्रें एकट्या फडक्यांच्या कंठांतून बोलूं लागलीं. सीता, शूर्पणखा आणि कौसल्या एकाच पुरुषाच्या आवाजांत ऐकणें पाश्चात्यास चमत्कारिक वाटेल. ‘टॉमी’सारख्या त्यांच्या संगीतिकेंतहि पात्रें निरनिराळ्या गळ्यांत वांटलेलीं असतात. आम्हांस तें खटकत नाहीं, कारण देवळाच्या सभामंडपांत एकच बुवा उपरणें सांवरून घटकेंत द्रौपदी आणि घटकेंत दुःशासन होतो, हें आम्ही लहानपणापासून पाहिलेलें आहे. तरीहि एका आवाजानें कांहीं मिळविलें तसें कांहीं गमावलेंहि. मिळविली ती एकता. गमावलें तें स्त्रीपात्रांचें वेगळेपण. सीतेच्या तोंडचा त्वेष पुरुषाच्या कंठांत येतांच तो किंचित् करुणेकडे झुकतो.

आणि आतां शेवट. पहिलें गीत भूपांत आहे, अखेरचें भैरवींत. रात्र चढूं लागतांना भूप मांडावा आणि उठतांना भैरवी म्हणावी, या रीतीनें पाहिलें तर छप्पन्न आठवड्यांची ही सारी एक मैफल होते. पण भैरवींत बोलतो कोण? वाल्मीकि. तो लवकुशांना सांगतो कीं, जा आणि रामासमोर रामायण गा. म्हणजे कालक्रमानें हें छप्पन्नावें गीत पहिल्याच्या अगोदरचें आहे! पहिल्या गीतांत तेच कुमार रामापुढें उभे राहून गात आहेत. वाल्मीकीच्या बालकांडांतील हा प्रसंग माडगूळकरांनीं आरंभीं ठेवला, आणि त्याची किल्ली एका वर्षानंतरच्या गीतांत लपविली. ‘द वॉल’च्या कर्त्यांनीं जें वर्तुळ १९७९ सालीं काढलें, तें पुण्याच्या नभोवाणीवर १९५६ सालींच पुरें झालें होतें.

हें वर्तुळ केवळ कारागिरीचें असतें तर मीं त्याचा इतका गौरव केला नसता. भैरवीच्या अगोदरचें, पंचावन्नावें गीत सीतेचें आहे. राज्याभिषेकाचा जयजयकार होऊन गेला, हनुमंतानें आपला वर मागून घेतला, आणि आतां अरण्यांत सोडलेली गर्भवती सीता लक्ष्मणास विचारते कीं, मीं जावें कोठें. त्यास कोणींहि उत्तर देत नाहीं. रामनवमीच्या ज्या कार्यक्रमांस मी आजवर बसलों, त्यांतील बहुतेकांत अभिषेकानंतर एकदम भैरवी येई. सणाच्या दिवशीं हा प्रश्न नको, अशी चालकांची भावना असावी. पण हें गीत गाळलें म्हणजे नुसतें एक गीत कमी होत नाहीं, वर्तुळच तुटतें. तिसऱ्या रात्रीं भैरवी संपतांच मीं पुन्हां पहिलें गीत लाविलें. राम सिंहासनावर बसून आपलेंच चरित्र ऐकतो, जगलेल्यापेक्षां गाइलेलें अधिक उत्कट वाटून त्याचे डोळे भरून येतात. तो उठून त्या मुलांस कवटाळतो, आणि बाप कोण व मुलें कोणाचीं हें दोघांपैकीं कोणासहि ठाऊक नसतें. आजवर मला तें अश्रू काव्यानंदाचे वाटत आले होते. सीतेचा प्रश्न ऐकून तेथें आलेल्या श्रोत्यास मात्र सभेंत कोण उपस्थित नाहीं हें प्रथम दिसतें, आणि तो प्रसन्न भूप तसाच चालू राहतो.