पुराव्याचे नाटक : १९३४ मधील दोन इंग्रजी कादंबऱ्या

ए. पी. हर्बर्टची ‘होली डेडलॉक’ आणि ईव्हलिन वॉची ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ या दोन्ही कादंबऱ्या १९३४ साली प्रसिद्ध झाल्या. तत्कालीन इंग्रजी कायद्यात व्यभिचार हेच घटस्फोटाचे मुख्य कारण होते. उभयतांची संमती मात्र संगनमत ठरून अर्जाला बाधक होई. त्यामुळे पत्नीच्या अब्रूखातर निरपराध पतीनेच भाडोत्री स्त्रीसह हॉटेलात राहावे आणि तेथील नोकरांनी साक्ष द्यावी, असा रिवाज पडला होता.

हर्बर्टचा रोख या यंत्रणेवर आहे. जॉन ॲडम व मेरी यांना सलोख्याने विभक्त व्हावयाचे असते, आणि नेमका तो सलोखाच त्यांना नडतो. परंतु प्रत्येक प्रसंग कायद्याची एकेक विसंगती दाखविण्यासाठी योजलेला असल्याने पात्रे फिकी पडतात. हर्बर्टने पुढे पार्लमेंटचा सभासद या नात्याने पुरस्कारिलेल्या १९३७ च्या कायद्याने क्रौर्य, परित्याग व असाध्य वेड ही कारणे मान्य झाली. कादंबरीचे यश असे साहित्याबाहेरचे होय.

वॉच्या कादंबरीत हेच नाटक ब्रायटन येथे घडते. अपराध ब्रेंडाचा; पुरावा मात्र टोनी निर्माण करतो. सोबतची स्त्री आपल्या लहान मुलीला बरोबर आणते, आणि प्रसंग हास्यास्पद होतो. पुढे ब्रेंडाच्या बाजूने वर्षाला दोन हजार पौंडांची मागणी येताच टोनी तीच मुलगी पुढे करतो : ती खोलीत होती, म्हणून पुरावा निरर्थक. ब्रायटनच्या खोट्या देखाव्यात खरे असे एक मूलच होते. टोनीचा स्वतःचा मुलगा नुकताच अपघाती मरण पावला आहे, हे ध्यानी घेतल्यास या विनोदामागील दारुणता प्रत्ययास येते. ज्या सभ्यतेपोटी तो खोटे वागण्यास तयार होतो, तिचे पोकळपणही येथेच उघडे पडते.

वॉ प्रचार करीत नाही, म्हणून त्याला कायद्याशी कर्तव्य नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. पुराव्याच्या नियमांचा तपशील काटेकोर नसता, तर मुलीचे अस्तित्व निर्णायक झालेच नसते. भारतातही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संगनमताला मनाई केली. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीने आला. इंग्लंडमध्ये २०२२ पासून दोष सिद्ध करण्याची गरजच उरलेली नाही. हर्बर्टची कादंबरी त्यामुळे दस्तऐवज बनली. वॉची मात्र आजही कादंबरी म्हणूनच वाचावी लागते. कारण तीत आरोपी कायदा नसून माणूस आहे.