परदेशांतील अध्यापकाचें ‘निवेदन’

मराठींत प्रवासवर्णनांची वाण नाहीं. काशीरामेश्वराच्या यात्रेपासून विलायतेच्या सफरीपर्यंत आमच्या लोकांनीं पुष्कळ पाहिलें, आणि जें पाहिलें तें बऱ्याच अंशीं लिहूनही ठेविलें. पण या लेखनाचे ढोबळ मानानें दोनच वर्ग पडतात. एकांतला लेखक यात्रेकरू असतो, दुसऱ्यांतला प्रेक्षक. परक्या मुलखांत काम पत्करून, तेथील अन्न खाऊन आणि तेथील थंडीवारा सोसून जो वर्षें काढतो, त्याला तो मुलूख कसा दिसतो हें सांगणारीं पुस्तकें मात्र बोटांवर मोजण्याइतकींच निघतील. त्यांतही परदेशीं विद्या देण्यासाठीं गेलेल्या माणसाची स्थिति मोठी चमत्कारिक असते. वेतन घेतो म्हणून तो पाहुणा नव्हे. परत जाण्याचा दिवस मनांत धरून राहतो म्हणून रहिवासीही नव्हे. आपल्या विषयांत तो गुरु असतो, पण चूल कशी पेटवावी आणि हिवाळ्यांत अंगावर काय घ्यावें हें त्याला तेथल्या पोराकडूनसुद्धां शिकावें लागतें. धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’ या दृष्टीनें वाचून पाहावें असें आम्हांस वाटतें. बौद्धधर्माच्या अभ्यासकाचें चरित्र म्हणून त्याची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. परदेशांत विद्येवर पोट भरणाऱ्या माणसाची हकीकत म्हणून त्याचा विचार त्या मानानें थोडा झाला.

हें आत्मचरित्र प्रथम गोव्यांतील ‘भारत’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झालें आणि १९२४ सालीं पुस्तकरूपानें निघालें. लेखकाचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ येथें झाला. शाळेचें शिक्षण यथातथाच. तरुणपण माडांच्या बागाइतीची देखरेख करण्यांत जाऊं लागलेलें. अशा स्थितींत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकांतील बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनांत आला आणि त्या लेखानें त्यांच्या आयुष्याला वळण दिलें. १८९९ च्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असें करीत ते सिंहलद्वीपास पोंचले. तेथें विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं राहून १९०२ सालीं श्रामणेर झाले. पुढें मद्रास आणि ब्रह्मदेश झाला. मगधांत जन्मलेला धर्म शिकण्यासाठीं गोव्याच्या माणसानें समुद्र ओलांडून लंकेला जावें, आणि तोच धर्म ज्या ग्रंथांत आहे ते ग्रंथ तपासून देण्यासाठीं पुढें आठ वर्षांनीं त्यानें अमेरिकेस जावें, यांतील विपरीतपणा लेखकानें कोठेंही भडक करून दाखविला नाहीं. तो हकीकतींतूनच उमटतो.

पुस्तकाचा पहिला मोठा गुण हा कीं लेखक आपल्या पोटाला विसरत नाहीं. वैराग्याच्या कथा लिहिणाऱ्यांना अन्नाची गोष्ट सांगण्याची लाज वाटते. कोसंबींना ती वाटत नाहीं. काशींतील अन्नछत्राचें जेवण, सिंहलद्वीपांत न मानवलेला आहार, ब्रह्मदेशांत बिघडलेली प्रकृति, हीं सर्व त्यांनीं सरळ सांगितलीं आहेत. आणि त्या सांगण्यांत कुरकुर नाहीं, तशीच सोशीकपणाची मिरवणूकही नाहीं. पैसा, अन्न, प्रकृति आणि गुरु हे चार विषय या पुस्तकांत पुनःपुन्हा येतात. प्रेक्षक वृत्तीच्या प्रवाशानें जेथें देवळांचे कळस आणि राजवाडे वर्णिले असते, तेथें कोसंबी आपल्याला कोणी शिकविलें, कोणीं आसरा दिला आणि खिशांत काय उरलें याचा हिशेब देतात. यामुळें देखाव्याची आवड असलेल्या वाचकाची थोडी निराशा होईल. परंतु परक्या गांवांत ज्याला आजचा दिवस काढावयाचा आहे, त्याला गांव याच क्रमानें दिसतें. हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांना या वर्णनाचा खरेपणा तत्काळ पटेल.

दुसरा गुण भाषेचा. कोसंबींचें वाक्य आखूड आणि उघडें असतें. विशेषणांचा सोस नाहीं, संस्कृत अवतरणांचा फुलोरा नाहीं. ज्या माणसानें पुढें पाली वाङ्मय मराठींत आणिलें, त्याच्या गद्यावर त्या वाङ्मयाचा संस्कार झाला असावा असा तर्क करण्यास जागा आहे. कारण सुत्तपिटकांतील कथनही असेंच एकेक पाऊल टाकीत, घडलें तें घडलें त्या क्रमानें सांगत जातें. मात्र त्या वाङ्मयांतील पुनरुक्ति कोसंबींनीं घेतली नाहीं, हें वाचकांचें भाग्य.

१९०६ च्या सुमारास लेखकानें भिक्षूचें चीवर उतरविलें आणि कलकत्त्यास अध्यापन स्वीकारलें. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयांत आणि पुढें विद्यापीठांत त्यांनीं पाली शिकविली. पुढें बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं दरमहा ५० रुपयांचें साहाय्य देऊं केलें. महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवीं राहावें आणि वर्षाकांठीं एक पुस्तक लिहावें, एवढीच अपेक्षा. अधिक मिळकतीची कलकत्त्याची जागा सोडून कोसंबी हे ५० रुपये पत्करतात. आपल्या लोकांना आपल्या भाषेंत बुद्ध सांगावयाचा, हा त्यांचा हेतु पुस्तकांत फारसें न बोलतां सिद्ध होतो. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हें १९१० चें पुस्तक त्याच काळाचें फळ होय.

त्याच वर्षीं ते अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामार्फत बोलावणें आलें होतें, आणि काम होतें प्राध्यापक चार्ल्स लानमन यांच्या हाताखालीं बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचें. हा इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील ग्रंथ शील, समाधि आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनीं बौद्ध साधनेचें संपूर्ण विवेचन करितो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितानें त्याचें संपादन हातीं घेतलें होतें. १८९९ सालीं तो निवर्तला आणि काम अपुरें राहिलें. सिंहली आणि ब्रह्मी लिप्यांतील हस्तलिखितें जुळवून पाहणें, पाठभेद तपासणें आणि कोणता पाठ ग्राह्य याचा निर्णय करणें, असें तें काम. हार्वर्डपाशीं पोथ्या होत्या, पैसा होता आणि चिकित्सेची शिस्त होती. कोसंबींपाशीं दुसरेंच धन होतें. हे ग्रंथ ज्या विहारांत अद्याप जिवंत आहेत, तेथें जमिनीवर बसून, भिक्षूंच्या मुखांतून त्यांनीं ही विद्या घेतली होती. दोन प्रकारची जाणती माणसें एका मेजापाशीं बसलीं म्हणजे ग्रंथाचें कल्याण होतें. पण मालकी कोणाची आणि नांव कोणाचें हा प्रश्नही तेथेंच उपजतो. तसा तो उपजला. लानमन आणि कोसंबी यांच्यांत मतभेद झाले आणि १९१२ सालीं कोसंबी परतले. मुख्य हकीकतही तेथेंच आटोपते.

येथें आमचा पहिला आक्षेप आहे. काशी आणि लंका यांविषयीं इतक्या मोकळेपणानें बोलणारा लेखक अमेरिकेशीं येतांच हात आखडता घेतो. ज्या कामासाठीं तो सातासमुद्रांपलीकडे गेला, त्या कामाचा रोजचा दिवस कसा असे, हें जाणण्याची वाचकाची भूक पुरती भागत नाहीं. हा केवळ कोसंबींचा दोष मानतां येत नाहीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. पुढें चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत, मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्या आश्रयानें, त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. रमाबाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें कीं नाहीं यावर ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली. त्यांच्या शाकाहारावरून आणि स्वतंत्र मतांवरून वाद माजले. ही सारी हकीकत रमाबाईंच्या पत्रव्यवहारावरून कळते, आणि तो ग्रंथरूपानें निघाला १९७७ सालीं. त्यांनीं स्वतः लिहिलेलें प्रवासवर्णन अमेरिकेच्या लोकस्थितीचें आहे. १८८९ च्या त्या समृद्ध ग्रंथांत संस्था आहेत, स्त्रिया आहेत, राज्यव्यवस्था आहे, पण चेल्टनहॅमचा वर्ग नाहीं. परदेशीं शिकविलेल्या आमच्या या दोन थोर व्यक्तींनीं सर्व कांहीं लिहिलें आणि आपलें शिकविणें तेवढें झांकून ठेविलें.

याचें कारण आमच्या परंपरेंत शोधलें पाहिजे. आमच्याकडे गुरूविषयीं बोलावयाचें असतें. स्वतः गुरु झाल्यावर शिष्यांविषयीं बोलणें म्हणजे आत्मस्तुति समजली जाते. ‘निवेदनां’त ज्यांनीं लेखकाला शिकविलें त्यांची आठवण अगत्यानें निघते, ज्यांना त्यानें शिकविलें ते बहुधा सांवलीसारखे राहतात. कोसंबी अखेरपर्यंत विद्यार्थीच राहिले, हें या पुस्तकाचें सौंदर्य आहे आणि हीच त्याची मर्यादाही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखकानें घर सोडलें तेव्हां पत्नी बाळाबाई होत्या आणि लहानगी मुलगी माणिक होती. सुमारें सात वर्षें हें घर कर्त्या पुरुषावांचून राहिलें. या काळांत गोव्यांत काय घडलें, त्या बाईनें लोकांचे बोल कसे ऐकले आणि दिवस कसे रेटले, याचा आवाज पुस्तकांत जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. बुद्धाचें महाभिनिष्क्रमण ज्यानें डोळ्यांपुढें ठेविलें, त्याला यशोधरेची बाजू सुचूं नये, हें खटकतें. सत्यशोधनासाठीं केलेल्या त्यागाचें मोल दुसऱ्यानेंही मोजलेलें असतें, आणि स्वतःचा पै-पैसा नोंदणाऱ्या लेखकाच्या हिशेबांत ही रकम यावयास हवी होती. न्याय म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं पुढील आयुष्यांत त्यांनीं संसार टाळला नाहीं. १९१८ सालीं पुन्हा हार्वर्डला निघतांना त्यांनीं माणिक आणि दामोदर या मुलांना बरोबर नेलें, आणि त्यांना अमेरिकेंत शिक्षण दिलें. तो दामोदर पुढें गणिती व इतिहासकार म्हणून जगांत गाजला. पण हें सारें ‘निवेदना’च्या कक्षेबाहेरचें.

त्या कक्षेबाहेर आणखीही पुष्कळ आहे. १९१८ ते १९२२, पुन्हा १९२६-२७, आणि शेवटीं १९३१-३२ असे त्यांनीं हार्वर्डला फेरे केले. १९२९ सालीं श्चेर्बात्स्की यांच्या बौद्धविद्येच्या संस्थेंत पाली शिकविण्यासाठीं ते लेनिनग्राडला गेले. तेथील थंडी न सोसून परतले, आणि येथें येऊन मिठाच्या सत्याग्रहांत भाग घेतल्यामुळें कारावास भोगला. १९४० सालीं त्यांनीं ‘विसुद्धिमग्ग’ नागरी लिपींत मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे स्वतंत्रपणें छापविला. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें प्रायोपवेशन करून त्यांनीं देह ठेविला. आणि १९१० सालीं ज्या कामासाठीं त्यांना अमेरिकेनें बोलाविलें, तो हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’, वॉरनचें संपादन व कोसंबींचें संशोधन अशा नामनिर्देशासह, १९५० सालीं बाहेर पडला. चाळीस वर्षें लागलीं. पाहावयास दोघांपैकीं कोणीही नव्हता. परदेशीं केलेल्या विद्येच्या मजुरीचा मोबदला कसा आणि केव्हां हातीं पडतो, याचा याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

आज मध्यम स्थितींतील घराघरांतून मुलें आणि मुली परदेशीं अध्यापनास जातात. त्यांचीं पत्रें येतात, छायाचित्रें येतात; बर्फ दिसतो, इमारती दिसतात. तेथें वर्गांत उभें राहून बोलतांना आपल्या उच्चाराला कोणी हसलें का, आपल्या कामावर नांव कोणाचें पडलें, मागें राहिलेल्या आईबापांचें आजारपण कोणीं काढलें, या गोष्टी मात्र बहुधा कोणी लिहीत नाहीं. ‘निवेदन’ या सर्व प्रश्नांचीं उत्तरें देत नाहीं, हें वर दाखविलेंच आहे. परंतु परक्या देशांत माणसाला प्रथम अन्न लागतें, मग लिपी लागते, मग गुरु लागतो, आणि या तिहींसाठीं लाज सोडावी लागते, एवढें त्यानें जितक्या स्वच्छपणें सांगितलें आहे तितकें मराठींत क्वचितच कोणी सांगितलें असेल.

लेखकाची नात मीरा कोसंबी यांनीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर केलें आणि तें २०११ सालीं निघालें. त्यांनींच त्यापूर्वीं, २००३ सालीं, रमाबाईंचें अमेरिकेचें प्रवासवृत्तही इंग्रजींत आणिलें होतें. एकाच विदुषीला हीं दोन पुस्तकें जवळचीं वाटावीं, हा आम्ही योगायोग मानीत नाहीं. ज्यांना शक्य आहे त्यांनीं मूळ मराठीच वाचावें, आणि दोन्हीं पुस्तकें एकापाठोपाठ वाचावीं. एकींतलें मौन दुसऱ्याच्या शेजारीं ठेविलें म्हणजे अधिक स्पष्ट ऐकूं येतें. घरांतून कोणी परदेशीं निघालें असेल, तर त्याच्या सामानांत ‘निवेदन’ घालण्यापूर्वीं घरच्यांनींही तें वाचून घ्यावें. कारण बाळाबाईंविषयींचें जें पान कोसंबींनीं लिहिलें नाहीं, तें लिहिण्याची पाळी आतां मागें राहणाऱ्यांचीच आहे.