एका रात्रीची कानबाई

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरात बसते आणि सोमवारी विसर्जनाला निघते. एवढ्याशा मुक्कामासाठी नशिराबादपासून धुळ्यापर्यंत घरं धुऊन-सारवून लख्ख होतात आणि सुरत-पुण्याला पांगलेली भावकी गावाकडची गाडी धरते. या सणात देऊळ म्हणजे आपलं राहतं घरच.

देवी घडते ती नारळातून. नारळाला डोळे-नाक लागतात, नथ चढते, अंगावर साडी आणि दागिने येतात. कालपर्यंत जो नुसता नारळ होता, त्याच्यासमोर आज घरातली सर्वांत वडीलधारी माणसंही वाकतात. या विधीचं सगळं बळ मला इथेच दिसतं: देवी सापडत नाही, ती हातांनी सजवून आणावी लागते, आणि तीही दरवर्षी नव्याने.

जपानमधल्या इसेच्या शिंतो देवस्थानालाही नवेपणाची अशीच ओढ आहे. तिथलं लाकडी मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा बांधतात. २०१३ साली हे ६२व्यांदा झालं. हात-तोंड धुऊन भाविक आत जातो खरा, पण देवतेचं प्रतीक असलेला पवित्र आरसा त्याच्या नजरेला पडत नाही. तिथे देवत्व झाकलेलं, इथे ते नथ घालून समोर बसलेलं. इसेची ती अदृश्यता भव्य आहे, तरी माझा जीव कानबाईच्या चेहऱ्यात अडकतो. रात्रभर जागून तिच्यापुढे गाणी म्हणायची, तर तिला ऐकणारा चेहरा हवाच.

मग रोट, म्हणजे कानबाईचा गव्हाचा प्रसाद. बऱ्याच घरांत प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळतात आणि तो प्रसाद भाऊबंदच मिळून संपवतात. शिंतो पूजेनंतरही देवाला वाहिलेलं अन्न आणि साके सगळे एकत्र बसून घेतात, त्याला नाओराई म्हणतात. रोटाची पंगत मात्र त्याहून जास्त बांधते, कारण तिथे वर्षभर अबोला धरलेले चुलतेही एका ओळीत बसतात. फक्त एक गोष्ट मला सलते. दळण बायकांचं, जागरण बायकांचं, सोमवारी मिरवणुकीत फुगड्या घालणाऱ्याही त्याच. त्या गव्हात लेकीसुनांच्या नावाची मूठही पडायला हवी, आणि ती याच श्रावणापासून पडावी.