‘होणे’ आणि ‘करणे’ : आतड्यांच्या हालचालीविषयीच्या मराठीची चिकित्सा

आतडी अन्न पुढे कशी नेतात ह्या विषयावर मराठीत अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणात तीन धर्तींची विधाने वारंवार भेटतात. मेंदू आतड्यांना हुकूम देतो, हे एक. आतड्यांना स्वतःचा ‘दुसरा मेंदू’ असून हुकूम तो देतो, हे दुसरे. आणि हे दोघेही नामधारी असून खरी सत्ता आतड्यांतील जीवाणूंची आहे, हे तिसरे व सर्वांत नवे. तिन्ही विधाने शास्त्राच्या आधारानेच केलेली असतात. तथापि तिन्हींची वाक्यरचना एकच आहे : एक कर्ता, एक कर्म आणि ‘चालवणे’, ‘हलवणे’ ह्यांसारखे प्रयोजक क्रियापद. सत्ताधीश बदलतो, राज्यपद्धती बदलत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय शरीरशास्त्र नव्हे, भाषाशास्त्र होय. म्हणून येथे परीक्षण करावयाचे आहे ते ह्या वाक्यरचनेचे. ती वस्तुस्थितीशी जुळत नाही आणि नवल असे की, आपल्या बोलण्यातल्या मराठीशीही जुळत नाही.

बोलण्यापासूनच आरंभ करू. मराठी माणूस घास चावतो, गिळतो; येथे तो कर्ता आहे. पुढे मात्र तो वाक्यातून बाजूला सरतो. अन्न पचते, जिरते, बाधते. पोट गुरगुरते, फुगते, बिघडते. ‘मी आताच भाकर पचवली’ असे जेवून उठलेला मनुष्य म्हणत नाही. ‘पचवणे’ हे प्रयोजक रूप आपण बहुतेक अपमान, दुःख किंवा लाच ह्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. शेवटी तो परसाकडे जातो, म्हणजे पुन्हा कर्ता होतो. पण तेथेही त्याला ‘होते’ किंवा ‘होत नाही’. ‘जातो, पण होत नाही’ ही आमच्या वर्धा जिल्ह्यातील दवाखान्यांत रोज ऐकू येणारी तक्रार ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्या क्रियापदाचा कर्ता माणूस. दुसऱ्यात तो ‘मला’ होऊन केवळ अनुभव घेणारा उरतो, आणि ते ‘मला’देखील अध्याहृत.

शरीररचना पाहिली तर ही सीमा मनमानी नाही. अन्ननलिकेचा वरचा भाग आणि गुदद्वाराचा बाहेरचा आवळणारा स्नायू ही दोन टोके ऐच्छिक स्नायूंची. मधला सर्व मार्ग अनैच्छिक स्नायूंचा. वाक्यातील माणसाचे कर्तेपण जेथे संपते तेथेच साधारणतः इच्छेचा अंमलही संपतो. ह्यावरून आपल्या पूर्वजांना मज्जापेशींचे ज्ञान होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा मोह आपल्याकडे फार. आपल्या ताब्यात काय आहे व काय नाही हे प्रत्येक वक्त्याला अनुभवाने कळते, आणि भाषेने तेवढेच नोंदवले आहे. मधल्या मार्गात काय चालते हे तिला माहीत नव्हते. म्हणूनच तिने तेथे कोणाला कर्ता केले नाही, आणि हा संयम आजच्या शास्त्रीय मराठीने पाळावयास हवा होता.

कारण त्या मधल्या मार्गाचा इतिहास हा कर्त्याच्या शोधाचा आणि त्या शोधाच्या फसण्याचा इतिहास आहे. आतड्याच्या भित्तीत मज्जापेशींची दोन जाळी आहेत, हे मायस्नर व आउअरबाख ह्यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविले. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग ह्यांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणारे मज्जातंतू तोडून पाहिले. आत एखादी वस्तू ठेवली की तिच्या मागचा भाग आकुंचन पावे, पुढचा भाग सैल होई आणि वस्तू पुढे सरके. बाहेरचा हुकूम तुटला होता, हालचाल तुटली नव्हती. १९१७ साली ट्रेंडेलेनबुर्गने गिनीपिगचे आतडे शरीराबाहेर काढून पात्रात ठेवले, तेथेही तेच आढळले. १९२१ साली लँग्ली ह्यांनी ह्या संस्थेला स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखांहून निराळी, तिसरी अशी मान्यता दिली. तिच्यातील पेशींची गणना आज दहा कोटींच्या वर केली जाते.

ह्या पेशी नेमके काय करतात हे समजण्यास त्यांच्या अभावाचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. हर्शस्प्रुंग ह्यांनी १८८६ साली वर्णिलेल्या बालरोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात ह्या मज्जापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैल, निर्जीव नळीसारखा उघडा राहील अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात तो आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचे आतडे तटतटून फुगते. म्हणजे मज्जापेशींचे मोठे कार्य ढकलण्याचे तितकेच वाट सोडण्याचेही आहे. ‘हुकूम देणे’ ह्या क्रियापदात वाट सोडणे कोठे बसते?

‘दुसरा मेंदू’ हे नाव मायकेल गर्शन ह्यांच्या १९९८ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे रूढ झाले. दुर्लक्षित विषयाकडे लक्ष वेधण्यास ते उत्तम होते. मराठीत ते आले आणि लगेच शब्दशः घेतले गेले. आता आतडी ‘विचार करतात’ असेही छापून येते. आक्षेप दोन आहेत. ही संस्था विचार करीत नाही, ती ताण, रसायन व स्पर्श ह्यांना स्थानिक प्रतिसाद देते. आणि ‘दुसरा’ हे क्रमवाचक विशेषणही उलटे आहे. हायड्रा ह्या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्याला मेंदू मुळीच नाही, मज्जापेशींचे जाळे मात्र आहे, आणि त्याचे आकुंचन त्याच्या अंगावरील जीवाणूंच्या अभावी मंदावते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. मज्जापेशी व जीवाणू ह्यांचा संबंध, असे दिसते की, मेंदूहून जुना आहे.

आता जीवाणूंकडे वळू. मराठीत ह्या प्रजेला आरंभापासूनच बदनामी वाट्याला आली. ‘जंत’ आणि ‘जंतू’ हे शब्द एकमेकांना इतके लागून आहेत की ‘पोटात जंतू आहेत’ म्हटल्याबरोबर ऐकणारा औषध विचारतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत कौल फिरला तेव्हा तो एकदम दुसऱ्या टोकाला गेला : जीवाणू सेरोटोनिन बनवून आतडी चालवितात, असे आता बेधडक लिहिले जाते. मूळ संशोधन ह्याहून सावध आहे. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन पचनमार्गात असते, हे खरे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जीवाणूरहित वाढविलेल्या उंदरांत ते कमी भरले, आणि बीजाणू धारण करणारे काही जीवाणू त्यांच्या पोटात सोडल्यावर ते वाढले व हालचालही सुधारली. तेव्हा जीवाणूंनी सेरोटोनिन ‘बनविले’ नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींनी ते अधिक बनवावे अशी परिस्थिती निर्माण केली. शिवाय २०११ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगाकडे लोकप्रिय लेखकांचे लक्षच गेलेले नाही. अस्तरातील सेरोटोनिन नाहीसे केलेल्या उंदरांत अन्नाची गती फारशी बिघडली नाही. मज्जापेशींतील अल्पसे सेरोटोनिन नाहीसे केल्यावर मात्र ती मंदावली. २०२० साली तिसरी वाट उघड झाली : मोठ्या आतड्यातील मज्जापेशींत एक विशिष्ट ग्राहक प्रथिन जीवाणूंच्या सान्निध्यात वाढते आणि ते काढून टाकले की हालचाल मंद होते. हे सर्व उंदरांवरचे निष्कर्ष आहेत, हे वाक्य मराठी लेखांतून गळते. ते गळू नये.

आणि उलट दिशेचे काय? दोन जेवणांच्या मधल्या उपाशी काळात, सुमारे दीड तासाच्या अंतराने, जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरकस लाट जाते व उरलेसुरले पुढे लोटते. कुत्र्यांत तिचे वर्णन १९६९ साली झाले. १९७७ साली असे दिसून आले की ज्या रुग्णांत ही लाट उमटत नाही त्यांच्या लहान आतड्यात जीवाणू माजतात. म्हणजे हालचाल जीवाणूंना आवरते आणि जीवाणू हालचालीला घडवितात. अशा संबंधात कर्ता कोणास करावयाचे?

ह्या उपाशी लाटेला शास्त्रीय मराठीत सुटसुटीत नाव नाही, बोलीत मात्र तिचा आवाज नोंदलेला आहे : पोटात कावळे ओरडतात ते बहुतांशी तिच्यामुळेच. एरवी आपली भाषा आतड्याच्या गतीची दखल ती बिघडल्यावरच घेते. अधिक झाली की ढाळ, हगवण, अतिसार, जुलाब. कमी झाली की बद्धकोष्ठ, मलावरोध. (‘जुलाब’ हा मुळात फारसीतला गुलाबपाणी, अरबीतून फिरून आल्यावर त्याचा सुगंध गेला.) सुरळीत गतीला लोकभाषेत शब्दच नाही, म्हणून ‘क्रमाकुंचन’ घडवावे लागले. सुरळीत असल्याचे सांगावयाचे तर एकच वाक्य उरते : ‘पोट साफ होते.’

ह्या ‘साफ’विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, आणि वर्ध्यात बसून ते लिहिताना सेवाग्राम टाळता येत नाही. गांधीजी १९३६ साली शेगावला राहावयास आले. १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच्या कितीतरी आधी, जोहान्सबर्गमध्ये, त्यांना मलावरोधाने व डोकेदुखीने छळले होते. सकाळची न्याहारी सोडल्याने डोकेदुखी गेली, मलावरोध राहिला, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नमूद केले आहे. पुढे कूने ह्यांचे स्नान आणि जुस्ट ह्यांचा ओल्या मातीचा पट्टा हे उपाय आले. १९४२ ते १९४४ ह्या काळात आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिलेल्या त्यांच्या आरोग्यविषयक गुजराती पुस्तिकेतही तो पट्टा आहे. कूने व जुस्ट हे जर्मन निसर्गोपचारक ज्या काळातले, त्या काळी आतडे म्हणजे तुंबलेले गटार आणि रोग म्हणजे साचलेला मळ ही कल्पना युरोपात प्रबळ होती. मेच्निकॉफसारखा थोर संशोधक मोठ्या आतड्याला अपायकारक अवशेष मानी. लंडनचे शल्यविशारद लेन तर ते कापून काढीत. तेव्हा आपल्या ‘साफ’मध्ये आयुर्वेदातील शोधनाचा अंश जितका आहे तितकाच ह्या युरोपीय भीतीचाही असावा.

परंतु गांधीजींच्या बाबतीत आचार भाषेच्या पुढे होता. त्याच पुस्तिकेत ते पीठ चाळू नये, तांदूळ सडून पांढरा करू नये, पालेभाजी खावी असे सांगतात; १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने मगनवाडीतून जात्याच्या पिठाचा व हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला. कोंडा आणि चोथा आपल्या रसांनी पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांतील बराच भाग आंबवितात, आणि त्यातून निघणारी लघुशृंखल मेदाम्ले हालचालीवर परिणाम करतात. ज्वारीची भाकर व अंबाडीची भाजी खाणारा मनुष्य आतडे ‘साफ’ करीत नसतो. तो तेथील वस्तीला जेवू घालीत असतो. झाडण्याचे रूपक उपाशी लहान आतड्याला शोभते, मोठ्या आतड्याला नाही. तेथे लागू पडणारा शब्द आमच्या स्वयंपाकघरात आहे, तो विरजण होय. पुढच्या दह्यासाठी थोडे मागे ठेवावयाचे असते, भांडे खरवडून धुवावयाचे नसते, हे ज्ञान त्या शब्दात आहे.

‘कोठा’ हा शब्दही असाच विचारात घेण्याजोगा आहे. आयुर्वेदाने मृदू, मध्य व क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार मानले, आणि एकच रेचक तिघांना सारखे लागू पडत नाही हे त्यामागचे निरीक्षण होते. कारणमीमांसा आज मान्य होणार नाही. पण माणसामाणसांत गतीचा स्वभाव भिन्न असतो, हे ‘दररोज सकाळी एकदा’ ह्या सरसकट मापापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे.

सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी शास्त्र इंग्रजीतून शिकतात आणि रुग्णाशी मराठीत किंवा हिंदीत बोलतात. ‘पोट साफ होते का?’ ह्या एका प्रश्नात किती वेळा, किती कठीण आणि पूर्ण झाल्यासारखे वाटते का, असे तीन प्रश्न मिसळलेले आहेत, आणि ‘नाही’ हे उत्तर तिन्हींपैकी कशाचेही असू शकते. ‘जातो, पण होत नाही’ हे वाक्य अधिक अचूक खरे; पण येथे मी ज्याची स्तुती केली ते व्याकरणही तोकडे पडते. काहींच्या बाबतीत मधला मार्गच मंद असतो. काहींच्या बाबतीत मधला मार्ग ठीक असून शेवटचा स्नायू, जो इच्छेच्या ताब्यातला, तो कुंथताना सैल होण्याऐवजी आवळतो. त्यांना रेचकापेक्षा स्नायू सैल सोडण्याचा सराव उपयोगी पडतो. दोघेही रुग्ण ‘होत नाही’ असेच म्हणतात. दुसऱ्याला ‘सोडता येत नाही’ असे म्हणावयास हवे, पण तशी म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. ते विचारणाऱ्याने विचारून घ्यावयाचे असते.