मत माझं, मनगट तिचं

उंद्रीच्या बाजारात टोमॅटो स्वस्त झाले, की आमच्या घरी सॉसचा कारखाना निघतो. यंदा यंत्र निवडायचं खातं मी स्वतःकडे घेतलं. खुर्चीत बसून मत देण्यात आमचा हात कोण धरणार?

मिक्सरने बियासुद्धा भरडल्या. सॉस फिकट, फेसाळ आणि किंचित कडवट. चाळणीवर रस खाली, गर वर, आणि तास वाया. शेवटी माळ्यावरून होळीचं पुरणयंत्र उतरलं. फ्रान्समध्ये ज्याँ मांतले यांनी १९३२ साली भाज्यांसाठी असंच दांड्याचं यंत्र काढलं होतं म्हणे. आपण त्याच जातीच्या यंत्रात पुरण वाटतो. उकडलेले टोमॅटो, बारीक भोकांची जाळी : गर खाली, साली वर. चार बिया निसटल्या, त्या माफ! यंत्र मात्र स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमला आंबट सोसत नाही.

"झकास! दरवर्षी यावरच करू," मी निकाल दिला.

"अहो, मत तुमचं, मनगट माझं," ही मनगट चोळत म्हणाली.

उरलेले तीन किलो मी फिरवले. यंत्राला पैकीच्या पैकी गुण. परीक्षकाला, दांडा धरल्यानंतर, काठावर पास.