क्रियापद नसलेला अभ्यासक्रम

बीएस्सीच्या पहिल्या सत्राचा कॅल्क्युलसचा अभ्यासक्रम कधी मजकूर म्हणून वाचलाय? परीक्षेला काय येणार हे शोधायला नव्हे. एखादी कथा वाचताना विचारतो तसं विचारत वाचायचा: हे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि समोरच्याबद्दल याने काय गृहीत धरलंय?

आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत हा मजकूर साधारण एकाच वळणाचा असतो. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या, सांतत्य, क्रमिक विकलन, लायबनित्झचं प्रमेय, रोल, लाग्रांज आणि कोशी यांची मध्यमान प्रमेयं, टेलर आणि मॅक्लॉरिन, शेवटी संकलनाची रिडक्शन सूत्रं. सगळी नामं. मधे स्वल्पविराम, शेवटी कंसात तासांची संख्या. क्रियापद एकही नाही. अलीकडे सुरुवातीला ‘कोर्स आउटकम्स’ नावाचा परिच्छेद जोडतात आणि त्यात क्रियापदं असतात, पण ती सगळी भविष्यकाळातली. विद्यार्थी अमुक करू शकेल, तमुक सिद्ध करू शकेल. तो आज काय करून वर्गात आलाय आणि सोमवार ते शनिवार त्याने काय करायचंय, यावर मजकूर गप्प असतो.

याचं कारण उघड आहे. हा मजकूर विद्यार्थ्यासाठी लिहिलेलाच नाही. तो पेपर काढणाऱ्यासाठी आहे, म्हणजे प्रश्न ‘सिलॅबसबाहेरचा’ ठरू नये म्हणून आखलेली हद्द. हद्द म्हणून तो चोख आहे. पण विद्यार्थ्याच्या हातात विषयाबद्दल पडणारा अधिकृत कागद हा एवढाच असतो, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

धामणगाव रेल्वेतला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. इथलं विज्ञान महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली येतं. हे विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांना त्याचा एकच अभ्यासक्रम लागू होतो. अकोल्याच्या शिकवणीवर्गांतून आलेली मुलगी आणि एसटीने रोज धामणगावला अपडाउन करणारा खेड्यातला मुलगा, दोघांच्या हातात तोच कागद.

दोघंही कॅल्क्युलस पहिल्यांदा बघत नाहीत. अकरावीच्या बालभारतीच्या पुस्तकात लिमिट, सांतत्य, विकलन येऊन गेलेलं असतं. बारावीत विकलन, त्याचे उपयोग, संकलन आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स होतात. पण ते कसं होतं? सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. या वेळात विचार करणं हा तोटा आहे. सूत्र ओळखायचं, पर्याय खोडायचे, पुढं जायचं. दोन वर्षं ही सवय मुरवलेल्या मुलासमोर पहिल्याच आठवड्यात एप्सिलॉन येतो आणि म्हणतो, थांब. उत्तर सांगू नकोस, उत्तर बरोबर का आहे ते सांग. खेळ बदलला आहे. बदलला म्हणून मात्र कुणी सांगितलेलं नाही.

त्यात पावसाळाभर इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या चालू असतात. शेजारच्या बाकावरचा मित्र तिसऱ्या फेरीत निघून जातो. राहिलेल्याला आपण मागं राहिलो असं वाटत असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्या व्याख्येतलं ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा अस्तित्वात असतो’ हे वाक्य इंग्रजीतून त्याच्या वहीत उतरतं. ‘हे काहून शिकाचं?’ हा त्याचा प्रश्न आळसाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. अभ्यासक्रमावरची ती सगळ्यात नेमकी टीका आहे.

तो प्रश्न खरंच कुठून आला ते बघू. गाडी धामणगावहून सुटली आणि बडनेऱ्याला पोचली. अंतर भागिले वेळ, सरासरी वेग मिळाला. आता चांदूर रेल्वेच्या फलाटावरून धडधडत जाताना, त्या एका क्षणी वेग किती? क्षणात वेळ गेला शून्य, अंतर कापलं शून्य. शून्य भागिले शून्य. भागाकार मोडून पडला, पण वेग तर आहे. फलाटावर उभ्या माणसाला तो अंगावर जाणवतो.

ही अडचण नावातच धरून ठेवणारा एक शब्द मराठीत होता. बाळशास्त्री जांभेकरांच्या ग्रंथांत ‘शून्यलब्धिगणित’ या नावाची नोंद सापडते. विषय म्हणजे आपण ज्याला डिफरन्शिअल कॅल्क्युलस म्हणतो तो. लब्धी म्हणजे भागाकार करून हाती येतं ते. शून्याला शून्याने भागून जे हाती येतं त्याचं गणित! बाळशास्त्री १८४६ मध्ये वारले, म्हणजे हे नाव पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. आज ‘विकलन’ हा शब्द बरोबर आहे, पण तो ऐकून प्रश्न पडत नाही. ‘शून्यलब्धी’ ऐकला की पडतो: असं कसं मिळेल?

युरोपातही हाच प्रश्न पडला होता. लायबनित्झने आपलं विकलन १६८४ मध्ये छापलं. न्यूटन-लायबनित्झच्या पद्धतीने उत्तरं बरोबर येत होती, पण शून्याकडे झुकणाऱ्या त्या राशी शून्य आहेत की नाहीत, हे धड सांगता येत नव्हतं. १७३४ मध्ये बिशप बर्कलीने त्यावरून गणितज्ञांची यथेच्छ टर उडवली. कोशीने १८२१ च्या पुस्तकात लिमिटला पाया म्हणून बसवलं आणि आज वर्गात येते ती एप्सिलॉन-डेल्टाची काटेकोर घडण पुढे वायरश्ट्रासच्या हाताखाली पक्की झाली. म्हणजे पद्धत आधी आली, शंका नंतर, आणि शंकेचं समाधान व्हायला दीडशेच्या वर वर्षं गेली.

आपला अभ्यासक्रम हा क्रम उलटा करतो. उत्तर पहिल्या युनिटमध्ये देतो आणि प्रश्न कुठंच देत नाही. एप्सिलॉन-डेल्टा अवघड आहे म्हणून काढून टाका, असं मी म्हणत नाही. ते काढणं म्हणजे खेड्यातल्या मुलाला हे झेपणार नाही असं त्याच्या वतीने परस्पर ठरवणं, आणि त्यापेक्षा मोठा अपमान नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी बर्कलीची शंका वर्गात येऊ द्या. मुलांना शून्यावर अडकू द्या. मग व्याख्या शिक्षेसारखी नाही, सुटकेसारखी वाटेल.

शिकणाऱ्याच्या हातात आधीपासून काय आहे ते बघून पुस्तक रचण्याचा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये कलकत्त्यात महत्तम-लघुतमावर एक इंग्रजी पुस्तक छापलं. हिंदी विद्यार्थ्याला बीजगणिताची परंपरा ओळखीची, कॅल्क्युलसची नाही. म्हणून त्यांनी ते सगळे प्रश्न कॅल्क्युलस न वापरता, वर्गसमीकरणांच्या वाटेने सोडवले. ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाला हे इतकं मोलाचं वाटलं की त्याने १८५९ मध्ये लंडनहून ते पुन्हा प्रकाशित करवलं. रामचंद्रांची वाट आज जशीच्या तशी चालणार नाही. पण वाचक कोण हे ठरवून मग पान लिहायचं, ही त्यांची सुरुवात आपल्या अभ्यासक्रमात नाही.

आता नियमांकडे येऊ. कॉलेजात पाय ठेवताच प्रत्येकाला पाठ होतो तो नियम ७५ टक्के हजेरीचा. बाकीचे नियम कागदावर कमी आणि कॅन्टीनमध्ये जास्त असतात. कुठल्या युनिटवर हमखास प्रश्न येतो, इंटर्नलला काय लिहिलं की भागतं, एटीकेटीत किती विषय बसतात. घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं असेल तर हे आपोआप कळतं. नसेल तर एखादा सीनियर भेटेपर्यंत कळत नाही, आणि तोवर पहिलं सत्र संपलेलं असतं. न लिहिलेले नियम सगळ्यांना सारखे वाटतात, पण फायदा ज्याला ते आधीच ठाऊक असतात त्यालाच होतो.

सगळ्यात महत्त्वाची न सांगितलेली अपेक्षा वेळेची आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे शिकण्याचे १२०० तास, म्हणजे एका क्रेडिटला ३०. थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गात शिकवण्याचे तास १५. उरलेले १५ कुठं गेले? ते विद्यार्थ्याने स्वतः करायचे आहेत. चार क्रेडिटचा कॅल्क्युलस असेल तर वर्गात ६० आणि वर्गाबाहेर ६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास वही उघडून बसायचंय. अमेरिकेतला नियम याहून कडक आहे: वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन. तिथं हे शिक्षक पहिल्या दिवशीच्या कागदावर बहुधा लिहूनही देतात. आपल्याकडे आकडा आराखड्यात पडून राहतो आणि पोरगा नोव्हेंबरमध्ये ‘मला गणित जमत नाही’ असा निष्कर्ष काढतो. कदाचित त्याला गणित जमत असेल. त्याला फक्त ते साठ तास कुणी सांगितले नसतील.

आणि ते साठ तास कुठल्या महिन्यांत येतात? सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीन काढणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाची गैरहजेरी याच दिवसांत वाढते आणि वर्गात नेमकी मध्यमान प्रमेयं चालू असतात. हजेरीचा नियम शरीर मोजतो. त्याऐवजी बुडालेल्या आठवड्याची दहा उदाहरणं सोडवून आणण्याची मुभा लिहून ठेवली, तर कडकपणा कमी होणार नाही, उलट वाढेल. बाकावर बसून राहण्यापेक्षा दहा उदाहरणं जड आहेत.

मध्यमान प्रमेय शिकवायला तर धामणगावासारखी जागा नाही. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून जातो आणि तिथं कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. कुणी ६५ किलोमीटर अर्ध्या तासात कापले तर सरासरी १३०. प्रमेय सांगतं की वाटेत कुठल्या तरी क्षणी काटा बरोबर १३० वर होताच. कॅमेरा नको, साक्षीदार नको. आणि याच उदाहरणात शब्दाचा घोळही सुटतो. रस्त्यावरची लिमिट ओलांडू नये म्हणून असते. गणितातली लिमिट गाठली जाईल किंवा जाणारही नाही. तिच्या हवं तितकं जवळ जाता येतं, एवढीच तिची अट. शब्द एकच, अर्थ दोन. मराठीतून एकदा हे बोललं गेलं नाही तर इंग्रजी व्याख्या पाठ होते आणि डोक्यात रस्त्यावरचीच लिमिट राहते.

राहिला प्रश्न फोनचा. कुठलंही विकलन आज फोन पायऱ्यांसकट करून देतो. म्हणजे ज्या कामासाठी परीक्षेत सर्वांत जास्त गुण आहेत ते काम खिशातलं यंत्र फुकट करतंय, आणि याबद्दल अभ्यासक्रम एक शब्द बोलत नाही. बंदी घालावी? घाला, पण मग गृहपाठ कशासाठी ते सांगा. मला दुसरी वाट जास्त पटते: फोनला अडवणारे प्रश्न विचारा.

उदाहरणार्थ, शेततळं. चौरस तळाची, वरून उघडी, उभ्या भिंतींची टाकी. अस्तराला १२०० चौरस मीटर प्लास्टिक आहे. जास्तीत जास्त पाणी कसं मावेल? फोन क्षणात सांगतो: बाजू २० मीटर, खोली १० मीटर, पाणी ४००० घनमीटर. गणित अचूक आहे. आता ‘मागेल त्याला शेततळे’ ही २०१६ ची सरकारी योजना बघा. तिच्यातलं सर्वांत मोठं तळं ३० बाय ३० आणि खोली फक्त ३ मीटर. भिंती उभ्या धरल्या तर प्लास्टिक लागतं १२६० चौरस मीटर आणि पाणी मावतं २७००. प्लास्टिक जास्त, पाणी कमी. मग चुकलं कोण?

कुणीच नाही. कॅल्क्युलसने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पण प्रश्नात माती नव्हती. उभी भिंत ढासळते म्हणून बाजूंना उतार द्यावा लागतो, खाली मुरूम किंवा खडक लागला की खोदाईचा खर्च चढतो, दहा मीटर खोल तळ्यात जनावर किंवा माणूस पडला तर वर येणं कठीण. यातली कुठली अट समीकरणात आली पाहिजे आणि आली तर उत्तर कसं सरकेल, हे शेतकऱ्याच्या घरातला मुलगा प्राध्यापकापेक्षा चांगलं सांगू शकतो. त्या वर्गात त्याच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. आजच्या पेपरात त्याचे गुण शून्य.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला अभ्यासमंडळ लागतं, बैठका लागतात. एक पान लिहायला शिक्षक पुरतो. मराठीत, पहिल्या तासाआधी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बारावीत तुम्ही उत्तर काढत होतात, इथं कारण द्यायचंय. आठवड्याला चार तास तुमचे स्वतःचे आहेत. वेचणीत आठवडा बुडाला तर हे करा. फोन इथं चालेल, इथं नाही. अडलात तर अमुक वारी अमुक वेळेला मी या खोलीत असतो.

यातलं शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जड जाईल. कारण ते लिहिलं की विद्यार्थ्याबरोबर शिक्षकाचीही हजेरी लागते.